ऑक्टोपसचं तिसरं हृदय

माझ्या मामाचं खरं नाव त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. सगळे त्याला 'माहितीये का' म्हणतात. तो केस कापतो, दाढी करतो, आणि तोंडाचा पट्टा एक क्षण बंद ठेवत नाही. खुर्चीत माणूस टेकला, अंगावर कापड पडलं, की सुरू. "तुम्हाला माहितीये का, केळं हे शास्त्राप्रमाणे बेरी आहे, आणि स्ट्रॉबेरी बेरी नाही?" माणूस बिचारा दाढी करायला आलेला असतो. पण हसतो, घरी जाऊन बायकोला सांगतो, आणि पुढच्या वेळी दुसरीकडे न जाता इथेच येतो.

या बडबडीत मामाची एक युक्ती आहे. कानामागे वस्तरा फिरवायची वेळ आली, की तो गोष्ट अर्ध्यावर सोडतो. "फुलपाखराला चव कळते ना, ती जिभेनं नाही बरं का. ती कळते..." आणि थांबतो. गिऱ्हाईक मान हलवत नाही, श्वाससुद्धा बेतानं घेतं. तेवढ्यात वस्तरा दोन्ही कानांमागून फिरून आलेला असतो. मग मामा वस्तरा पुसतो आणि म्हणतो, "पायांनी!" बाकावर बसलेले सगळे हसतात. या युक्तीमुळे मामाच्या हातून कधी कुणाला कापलं नाही, अशी त्याची ख्याती आहे.

दुकानात खुर्च्या दोन. दुसऱ्या खुर्चीवर मामाचा लहानपणापासूनचा मित्र काम करतो. मी त्यांना काका म्हणते, गिऱ्हाईकं त्यांना 'दुसरी खुर्ची' म्हणतात. लग्न केलं नाही, मागेपुढे कुणी नाही, जेवायला आमच्याकडेच. दिवसभरात चार वाक्यं बोलले तरी पुष्कळ. मामाच्या खुर्चीसाठी लोक बाकावर थांबून राहतात आणि काका रिकाम्या खुर्चीमागे हात बांधून उभे असतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

आता खरी गोष्ट सांगते, जी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि दुकानात कुणालाच नव्हती. मामाला यातलं काहीही माहीत नसायचं. तो वाचत नाही. वर्तमानपत्र हातात घेतलं की त्याला झोप येते.

वस्तऱ्याचा फेस पुसायला दुकानात रद्दीचे चौकोनी तुकडे कापून ठेवतात. ते कापायचं काम काकांचं. कापता कापता ते वाचायचे. चौकोन तो चौकोन, त्यावर मजकूर अर्धाच असायचा. कुठल्याशा ग्रहावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा, एवढंच हाती लागायचं आणि ग्रहाचं नाव कात्रीखाली गेलेलं. काकांना चैन पडायचं नाही. दुकान बंद असेल त्या दिवशी ते वाचनालयात जाऊन बसायचे आणि उरलेलं अर्धं शोधून काढायचे. शुक्र. मग सकाळी दुकानाची फळी उघडताना ते मामाला सांगायचे, हळू आवाजात, आणि दिवसभर मामा तेच मोठ्या आवाजात सांगायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. काकांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. उलट मामा सांगत असताना ते बाकावरच्यांबरोबर हसायचे, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत.

मला मामाचा राग यायचा. मामी म्हणायची, "अगं, एकाला सांगता येतं, दुसऱ्याला येत नाही. चालायचंच." मीही चालवून घेतलं.

मग काका पडले. आरशावरची ट्यूब बदलायला स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं आणि डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटलं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती, आणि नंतरही कितीतरी दिवस आली नाही. मी, मामी आणि मामा आळीपाळीनं बसायचो. मामा खरंच रडला होता, ते मी नाकारणार नाही. रोज दुपारी दुकान बंद ठेवून तो वस्तरा, साबण आणि ब्रश घेऊन वॉर्डात यायचा आणि काकांची दाढी करायचा. "उठेल तेव्हा आरशात बघून घाबरायला नको," म्हणायचा.

अशाच एका दुपारी मी तिथे होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तीही बेशुद्ध. तिचा मुलगा स्टुलावर नुसता बसून असायचा. मामानं ब्रश भिजवता भिजवता त्याला सांगितलं, "गप्प नका बसू हो. बोला आईशी. तुम्हाला माहितीये का, बेशुद्ध माणसाला पुष्कळदा ऐकू येत असतं. डॉक्टरसुद्धा बोलायला सांगतात." ही माहितीही काकांचीच, मागे कधीतरी चौकोनावर मिळालेली. तो मुलगा खरंच आईच्या कानाशी वाकून काहीबाही बोलायला लागला. मला मामाचा अभिमान वाटला. तोही थोडाच वेळ टिकला.

मामा काकांकडे वळला. गालाला फेस लावला आणि खिशातून फेस पुसायचा चौकोन काढला. सवय नसताना तो त्यावरचं वाचायला लागला, बहुतेक त्या मुलासारखं आपणही बोलावं म्हणून. "ऐक रे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, आणि त्यातलं एक..." त्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "पुढचं कापलं गेलंय. आता तूच ऊठ आणि शोध बाबा."

मागे औषधाची ट्रॉली घेऊन सिस्टर उभी होती. ती हसली. "मामा, तुम्हाला किती माहिती असते हो! कालचं ते फ्लेमिंगोचं मी घरी सगळ्यांना सांगितलं. हे काकापण असेच का?"

आता इथे माणूस काय म्हणेल? "सगळं त्याचंच आहे" म्हणायला त्याचं काय जाणार होतं? ऐकायला होतं कोण, एक सिस्टर आणि एक मी. पण मामाला स्तुती झाली की राहवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हा? छे हो!" बोटानं काकांची हनुवटी वर करत तो म्हणाला. "याच्या डोक्यात काय, जे आहेत ते केस, तेही बाहेरून. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहिला, पण एक गोष्ट सांगायला शिकला नाही. माझ्या तोंडावर दुकान चालतंय. नाहीतर याच्या खुर्चीत बसायला आलं असतं कोण?"

सिस्टर हसली आणि ट्रॉली ढकलत पुढे गेली. मामानं दाढी पूर्ण केली, तुरटी फिरवली, सामान आवरलं. काकांचे डोळे मिटलेलेच होते. शेजारचा मुलगा अजून आईच्या कानाशी बोलत होता.

जिना उतरताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, बेशुद्ध माणसाला ऐकू येतं ना?"

"पुष्कळदा येतं," तो म्हणाला. "डॉक्टरसुद्धा..."

आणि थांबला. या वेळी युक्ती म्हणून नाही. कठड्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. मागून येणारी माणसं वळसा घालून पुढे जात होती. त्याचा चेहरा इतका उतरला की मला बोलल्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

चारच दिवसांत काका शुद्धीवर आले. मामीनं धावत येऊन दुकानात सांगितलं. मामा "वा, वा" म्हणाला आणि पुन्हा कात्री चालवायला लागला. संध्याकाळी म्हणाला, आज गर्दी आहे, तुम्ही जाऊन या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अंगात कणकण आहे, आजाऱ्याजवळ कशाला जा. ज्याच्यासाठी दुकान बंद ठेवायचा, तो डोळे उघडून बघायला लागल्यावर याला दुकान सुटेना. शेवटी मामी, जिला मी सगळं सांगितलं होतं, कडाडली. "अख्ख्या गावाला शिकवायला तोंड आहे, आणि मित्राला दाखवायला नाही?" मामानं ताट पुढे सरकवलं आणि जेवण तसंच टाकून उठला.

दुकानात त्यानं 'माहितीये का' म्हणणं सोडून दिलं. लोक विचारायचे, "आज काय विशेष?" तो म्हणायचा, "काही नाही." अर्धी गोष्ट नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या माना हलायला लागल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या तर कानाची पाळीच कापली गेली. शरमेनं मान खाली घालावी तर या धंद्यात तीही सोय नाही. समोर आरसा, मागे आरसा. जिकडे बघावं तिकडे मामाला मामाच दिसत होता.

एक दिवस तो मला म्हणाला, "तुला काय वाटतं? ऐकलं असेल?"

"तू माफी माग आणि मोकळा हो."

"आणि ऐकलंच नसेल तर? मीच सांगायचं, तुझ्याबद्दल असं असं बोललो म्हणून?" तो रद्दी कापत होता, आता ते काम त्याच्याकडे आलं होतं. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय गं."

हे त्याचं त्यालाच निस्तरायचं होतं.

काका घरी आले, आणि थोडी ताकद आल्यावर एका सकाळी काठी टेकत दुकानात हजर झाले. मी त्यांना सोडायला गेले होते. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. काका नेहमीप्रमाणे खुर्चीमागे गेले नाहीत, आपल्याच खुर्चीत बसले. दाढी वाढली होती. "कर," ते मामाला म्हणाले. मामानं कापड बांधलं, पण गाठ मारायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

इस्त्रीवाला कानाला पट्टी लावून बाकावर होता. त्याला चोंबडेपणा केल्याशिवाय अन्न पचत नाही. "अहो दुसरी खुर्ची, एक सांगा! हे 'माहितीये का' आम्हाला नेहमी सांगतात, बेशुद्ध माणसाला ऐकू येतं म्हणून. आता तुम्ही जाऊन आलात. खरं की खोटं?"

मामाच्या हातातला ब्रश वाटीतच राहिला. मी आरशात बघितलं. काका पण आरशात बघत होते, सरळ मामाकडे.

"नाही बुवा," काका म्हणाले. "नुसता अंधार. काहीच ऐकलं नाही."

"घ्या! म्हणजे तुमची माहिती खोटी!" इस्त्रीवाला मामाला म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

मामा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. आपली माहिती खोटी ठरली म्हणून त्याला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. हातात बळ आलं, आवाज परत आला. इस्त्रीवाल्याची पाठ थोपटून म्हणाला, "अरे, चुकतो माणूस!" थोड्या वेळात बाकावर पुन्हा केळी आणि फुलपाखरं सुरू झाली. मला मात्र तिथे उभं राहवेना. माझ्याच घरातलं माणूस इतक्या स्वस्तात सुटलं, आणि सुटल्याचा त्याला आनंद झाला, याची मला लाज वाटत होती. मी दाराशी जाऊन रस्ता बघत राहिले.

हळूहळू गर्दी पांगली. दुकानात आम्ही तिघंच उरलो. मामानं शेवटी काकांच्या गालाला फेस लावला आणि वस्तरा उघडला.

"पोहताना थांबतं," काका म्हणाले.

"काय?"

"त्यातलं एक हृदय. ऑक्टोपस पोहायला लागला की ते थांबतं. म्हणून दमतो तो. शक्यतो सरपटतच जातो." काका दम घेऊन बोलत होते. "तुझा कागद कापलेला होता ना. शोध म्हणालास. काल हिला घेऊन वाचनालयात गेलो होतो."

मीच नेलं होतं. कशाला जायचंय ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. जाडजूड पुस्तक उघडून, एका बोटानं ओळ धरून ते बसले होते, एवढंच मी पाहिलं होतं.

मामाचा वस्तरा काकांच्या गालापासून जरा अंतरावर तसाच थांबला. तो कागद त्यानं फक्त त्या दुपारी वाचला होता. आणि तो वाचून झाल्या झाल्याच सिस्टर आली होती.

"मग मघाशी..." मामा म्हणाला. "मघाशी 'नाही' का म्हणालास?"

"सगळे बसले होते," काका म्हणाले. "तुझी गिऱ्हाईकं."

मामानं आरशाकडे बघायचं टाळलं, तर मागच्या आरशात त्याला पुन्हा काकाच दिसले. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातावर फेस, म्हणून ते पुसता येईना.

"मला लाज वाटते रे," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायची लाज वाटते."

काकांनी मान मागे टेकली आणि गळा पुढे केला.

"हात चालव," ते म्हणाले. "साबण वाळतोय."