न आलेले नारळ

कल्याणच्या त्या वैद्यांना मी क्षमा केलेली नाही. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण माझी थोरली बहीण त्यांच्याआधी गेली, तेव्हा पहिला मान तिचा.

बाळंतिणीच्या पथ्यावर त्यांनी एक पुस्तक छापलं होतं. तूप वर्ज्य, अळीव वर्ज्य, खोबरं तर विषासमान. भाजलेल्या तांदळाची निवळ तेवढी द्यावी. पहिल्याच पानावर या पथ्याने बऱ्या झालेल्या बायकांचा भला मोठा आकडा. माझे वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून. छापलेलं ते त्यांना वेदवाक्य. अक्काचं सासर कल्याणचं, तिथेही तीच तऱ्हा. अक्का निवळ पीत पीत वाळत गेली आणि बाळाचं बारसं व्हायच्या आत गेली. सगळे म्हणाले, तिचं आयुष्यच तेवढं.

पुढच्याच वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तर वडिलांनी तेच पुस्तक बाहेर काढलं. आई आडवी आली.

"अगं, एवढ्या बायका बऱ्या झाल्या, त्या सगळ्या खोट्या?" वडील म्हणाले, आणि आम्हा दोघींना घेऊन वैद्यांकडे निघाले. मला मरायचं नव्हतं. आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असं ऐकलं होतं, ती मला निघू द्यायची नव्हती.

वडील ओसरीवर बसले, आम्ही माजघरात गेलो. कोपऱ्यात नारळांची ही रास. वैद्यांची बायको कौतुकानं म्हणाली, "बरं झालेलं माणूस नारळ ठेवून जातं. इकडून ते मोजणं होतं. पुस्तकातला आकडा त्यावरूनच घातलाय."

"आणि जी बरी होत नाहीत ती?"

"ती कशाला येतील गं परत?"

बाई सरळ मनाची होती. तिच्यावर माझा राग नाही.

मी राशीतला एक नारळ उचलला आणि आई अडवायच्या आत ओसरीवर गेले. पुरुषांच्या बैठकीत लेकीसुनेनं असं जाणं म्हणजे त्या काळी केवढा गहजब. वडील अर्धवट उठले. मी नारळ वैद्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हा माझ्या अक्काचा. तिला येता आलं नाही. मोजून घ्या."

वैद्य हसले. "मुली, शास्त्रातलं तुला काय कळतं?"

"शास्त्र नाही कळत. मेलेलं माणूस नारळ आणत नाही, एवढं कळतं."

औषधासाठी बसलेला एक म्हातारा पुढे सरकला. "म्हणजे वैद्यबुवा, माझ्या सुनेला तुम्ही धरलंच नाही?"

वैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यावर मी थांबले नाही. आईच्या ओळखीच्या बायकांकरवी हळदीकुंकवाच्या वाटेनं घरोघर निरोप गेले. ज्या घरची बाळंतीण त्या पथ्यापायी दगावली होती, त्या घरचा नारळ वैद्यांच्या उंबऱ्यावर येऊ लागला. सकाळी दार उघडावं तर नारळ. बऱ्या झालेल्यांहून ते जास्त भरले की कमी, मला ठाऊक नाही. जास्त भरले असं मी म्हणणार नाही. नाहीतर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? दुसरी आवृत्ती मात्र निघाली नाही.

त्या दिवशी घरी परत येताना वडील माझ्याशी बोलले नाहीत, नंतरही कितीतरी दिवस नाहीत. मी बाळंत झाले, तेव्हा ते बाजारातून चांगला मोठा नारळ घेऊन आले. कुणापुढे ठेवायचा, असं आईनं मुद्दामच विचारलं. त्यांनी तो अंगणात स्वतः फोडला आणि वाट्या तिच्या हातात दिल्या.

"हिच्या अळिवाच्या लाडवांत घाल," ते म्हणाले. "थोरलीला दिलं नाही ते हिला दे."

मी माझ्या वाटणीचे लाडू खाल्ले. अक्काच्या वाटणीचेही खाल्ले.