कापातली घडी

सिटी सेंटरमधल्या पॅथॉलॉजी लॅबचा तो तंत्रज्ञ माझ्या संयमाचा अंत पाहत होता. आईच्या गाठीचा तुकडा त्याच्या स्वाधीन होता आणि अहवालावाचून तिची शस्त्रक्रिया ठरणार नव्हती. तिसऱ्या खेपेलाही तो सावकाश खिडकीशी आला. अंगाला रसायनाचा उग्र, गोडसर दर्प, नखांत मेणाचे पांढरे कण. बोलण्याआधी त्याने नेहमीसारखा चष्मा पुसला.

"ताई, घडी पडलीय. उद्या या."

आम्हा ग्वाल्हेरकरांच्या कानांना हिंदी आधी ऐकू येते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "जागच्या जागी तर आहे की!"

"वो घड़ी नहीं, ताई! मेणात बसवलेल्या तुकड्याचा पातळ काप काढला, तो दुमडला. तिथल्या पेशी नीट दिसत नाहीत. दुसरा कापतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चलेगा म्हणाले. मीच नाही म्हटलं."

"तुम्हांला कोणी विचारलं होतं?" माझा आवाज चढला.

"कोणीच नाही. पण त्या घडीखाली काय आहे, ते मला दिसलेलं नाही ना."

बाहेर येऊन आईला फोन केला. तिने त्याचा यथेच्छ उद्धार केला, तेव्हा मी चक्क त्याची बाजू घेतली. आणि ती घ्यावी लागली, याचाही राग मला त्याच्यावरच आला.