अप्पांची अमावस्या

“यंत्राला काय कळतंय? आपण सांगू ते खरं,” असं म्हणत अप्पा रोज सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरला विभूतीचं बोट लावायचे.

निलंग्यात त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. काही अडलं की अप्पा भिंतीवर थाप मारायचे. फोन करायची पद्धतच नाही. तुमच्याही शेजारी असा कुणी असेल, तर माझं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अमावस्येला अप्पा नवं काही करायचे नाहीत. नव्या गिऱ्हाइकालासुद्धा “उद्या ये बाबा” म्हणून वाटेला लावायचे.

एका दुपारी थाप जरा जोरातच आली. जाऊन बघतो तर त्यांची लेक डोळे पुसत बसलेली. नर्सच्या नोकरीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि एकही वेबसाइट उघडेना.

“वायफाय तर फुल हाय,” अप्पा म्हणाले. “मग घोडं अडलंय कुठं?”

“दादा, यांना माझं लग्न उरकायचंय,” लेक म्हणाली. “नोकरी नकोच हाय. सकाळी हेच बसले होते कॉम्प्युटरवर.”

मी राउटर बंद करून चालू केला. त्याच वायफायवर माझा मोबाइल झकास चालत होता. मग कोपऱ्यातल्या तारखेकडं नजर गेली. वर्ष कितीतरी पुढचं. तारीख अशी भलतीच असली की कॉम्प्युटरला प्रत्येक वेबसाइटचा परवाना संपलेला वाटतो, मग तो कुणालाच आत घेत नाही.

“अप्पा, तारखेला हात कुणी लावला?”

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आज अमावस्या हाय. पोरीचा अर्ज अमावस्येला कसा धाडावा? म्हणून उद्याची टाकत होतो. बोट घसरलं असल.”

लेकीला रडता रडता हसू फुटलं. “अप्पा, तिकडं तर आजचीच तारीख पडणार.”

“पडू दे. ती त्यांची अमावस्या. आपली न्हाई.”

तारीख नीट केली, अर्ज गेला. नोकरी लागली, नांदेडला. तिला एसटीत बसवून आले त्या दिवशी अप्पांनी मला जबरदस्तीनं पेढे चारले.

पुढं दर अमावस्येला त्यांचं तेच. “पोरगी दवाखान्यात असती, तिला अमावस्या नको.” बोट घसरायचं, संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल लागायचा नाही, की भिंतीवर थाप. मी कुरकुरत जायचो. खरं सांगू, अमावस्येची वाट बघायचो.

अप्पा गेल्यावर लेक दुकान आवरायला आली. तिनं कॉम्प्युटर लावला. सगळं एका झटक्यात उघडलं.

“दादा, आज अमावस्या हाय ना?” तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. कोपऱ्यात तारीख बरोबर होती.