एका वस्तादाची दोन पोरं

कोयनानगरला मी गेलो होतो नुसतं पडून राहायला. सकाळी धरणावरचं धुकं बघायचं आणि दुपारी झोपायचं, एवढाच बेत. पण चौथ्या दिवशी पाटणला चहा प्यायला उतरलो आणि संध्याकाळी थेट कवठे महांकाळच्या मैदानात बसलो होतो. माझं हे असंच असतं. बायको म्हणते, तुम्हाला कोणीही हाताला धरून नेतं.

टपरीवर भांडणच चाललं होतं म्हणा ना. कवठ्याच्या जत्रेत आज एक नंबरची कुस्ती (मैदानातली शेवटची, सगळ्यात जड गड्यांची) होती. पाटणच्या तालमीचा सागर आणि तिकडचा बिरू.

"सागरची मान बघितलीयास का रं? बैल हाय बैल."

"मान घिऊन काय करतूस? बिरू पट कवा काढतो दिसत बी न्हाई." पट काढणं म्हणजे झटकन वाकून समोरच्याचे पाय ओढायचे.

"पावणं, तुमी सांगा बरं."

मी नागपूरचा. कुस्ती पाहिली ती टीव्हीवर, चॅनल बदलताना. तरी ठोकून दिलं, "उंच असेल तो जिंकेल." सगळी टपरी हसली. बाकावर बसलेले एक फेटेवाले म्हातारेही हसले. "चला मग उंची मोजायला. जीपमदी एक जागा हाय." ते आबा वस्ताद, सागरचे गुरू.

"बिरूचं बी वस्ताद ह्येच," चहावाला माझ्या कानाशी पुटपुटला.

कराड मागं पडेपर्यंत सगळं हिरवंगार होतं. उसाच्या वासानं आणि गाडीच्या हेलकाव्यांनी मला मधूनमधून डुलकी लागायची, आणि जाग आली की वाटायचं, आपण अजून कोयनेच्या धुक्यातच आहोत. सांगलीत भडंग (लसूण-तिखटात परतलेले चुरमुरे) घेतलं. मिरज ओलांडल्यावर जमीन हळूहळू फिकी होत गेली, आभाळ मोठं झालं. रस्त्याकडेच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती. त्यांचा गोडसर वास गाडीत शिरला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

एका वळणावर मेंढरं आडवी आली. शेकडो. जीप थांबली, धुरळ्यात त्यांच्या पाठी पाण्यासारख्या सरकत होत्या. सागर मागच्या सीटवर डोळे मिटून पडला होता. वस्ताद कळपाकडे बघत बोलायला लागले.

"बिरूची मानसं हिकडचीच. दरसाल मेंढरं घिऊन पाटणच्या डोंगराला यायची. नऊ वर्साचं पोर तालमीच्या दारात उभं ऱ्हायचं, म्या ठिवून घेतलं. माज्या ताटात जेवलंय. दोन वर्सामागं न सांगता उठून गेला, हिकडच्या तालमीत. तवापासनं बोलनं न्हाई."

"मग त्याची आणि सागरची कुस्ती कशी लागली?"

"रीत न्हाईच ती. एका वस्तादाची दोन पोरं आपसात लडत न्हाईत. पन त्यानं निरोप धाडला, मी आता पाटणचा न्हाई. मग म्या बी रागानं हो म्हनलं." थोडं थांबून ते म्हणाले, "जिंकूदे कुनी बी. त्यो माजा ऱ्हायलाय का न्हाई, तेवढंच मला बघायचंय. मी तोंडातनं शबूद काडनार न्हाई."

दिवेलागणीला शेवटची कुस्ती पुकारली. हलगी थांबली. बिरू लाल मातीत उतरला, कपाळाला माती लावली. आमच्या बाजूला त्यानं मान काही वळवली नाही. वस्तादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

दोघं एकमेकांच्या मानेत हात घालून उभे राहिले, आणि किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एक रेटायचा, दुसरा तेवढाच मागं सरून पुन्हा यायचा. दोघांना एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ. भोवतीचा आरडाओरडा मला दूरवरून येतोय असं वाटत होतं. मी कोणाच्या बाजूचा, हेही विसरलो होतो. शेजारी वस्तादांचे ओठ घट्ट मिटलेले.

आणि एकदम ते उठून उभे राहिले. "पट काड रं!"

बिरू त्याच क्षणी खाली गेला. विचार केलाच नसावा. तालमीत इतकी वर्षं ऐकलेला आवाज डोक्याआधी अंगाला कळला. सागर खाली बघेपर्यंत त्याची पाठ मातीला लागली होती.

लोक मैदानात धावले, बिरूला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीवरून तो वळून वळून आमच्याकडे बघत होता. वस्ताद मात्र फेटा हातात घेऊन जीपकडे निघाले होते.

रात्री आम्ही परत निघालो. सकाळी कोण जिंकणार म्हणून गावानं रान उठवलं होतं. आता जिंकल्या-हरल्याचं नावही निघत नव्हतं. मिरजेचे दिवे दिसू लागले तेव्हा सागर म्हणाला, "वस्ताद, पट काड कुनाला म्हनलासा?"

वस्तादांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मला तर वाटत होतं, सांगावंच.

"पाय तुजा फुडं आला हुता, सागर," ते म्हणाले. "दिसला आन् त्येला सांगितलं. चुकलं माजं."

सागर खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि पुढं केला.

"घ्या. रिंग जातीया."

वस्तादांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, घसा खाकरला. पलीकडून बिरूचा आवाज आला, "वस्ताद?"

म्हाताऱ्यानं विचारलं,

"जेवलास का रं?"