गिटार संपेपर्यंत

सुलतान बाजारातल्या गल्लीतला आमचा छापखानावाला बारा महिने काळा शर्ट घालतो आणि एकच सीडी लावतो: एका गॉथ रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. जड गिटार, आणि विहिरीच्या तळातून आल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज. शेजारचे दुकानदार त्याला सैतानी संगीत म्हणतात. गाणं चालू असताना तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही, नुसतं बोट वर करून थांबवतो. मी चिडले की नंतर म्हणतो, "क्या अम्मा, सरकार को ललकारते, एक गाना रुकना नै होता?"

त्या दुपारी आमच्या तळं वाचवणाऱ्या गटाची पत्रकं छापून झाली होती. तळ्यात भराव टाकणाऱ्या बिल्डरचं नाव आम्ही ठळक छापलं होतं, कारण ते खरं होतं. तेवढ्यात त्या बिल्डरचीच दोन माणसं दुकानात शिरली.

"तालाब के पर्चे कौन छपाया रे?"

छापखानावाल्यानं बोट वर केलं. गिटार वाजत राहिली आणि ते दोघं चक्क गोंधळून थांबले. तेवढ्यात त्यानं काउंटरच्या आड आमचा गठ्ठा लग्नपत्रिकांच्या खोक्यात घातला, गणपतीचं चित्र असलेलं झाकण दाबलं, आणि गाणं चालू असतानाच बोलला. असं त्यानं कधीच केलं नव्हतं.

"अम्मा, शादी के कार्ड हो गए. लेके जाओ."

मी खोकं छातीशी धरलं. दारातल्या माणसानं बाजूला होत मला वाट दिली. "मुबारक हो," तो म्हणाला.

मी मान हलवली. पायरी उतरते तोच मागे सीडी प्लेयर फरशीवर आपटला आणि गिटार बंद पडली.