खोकडाच्या पोटात कुणाची भाकरी?

"डॉक्टर, आज काय बेक करताय?" आमचे क्लार्क येमूल नाकाला रुमाल लावून दारात उभे होते.

ओव्हनमध्ये खोकडाची विष्ठा वाळत होती. ट्रायलचा पाचवा दिवस होता आणि आकडे जुळत नव्हते.

मी सोलापूरजवळच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात पशुवैद्यक आहे. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा लहान कोल्हा. मांजरापेक्षा थोडा मोठा, शेपटीचं टोक काळं आणि चेहऱ्यावर कायम नुकतंच काहीतरी कळल्याचा भाव. आमच्याकडे एक जोडी होती. पिल्लं असताना कुणीतरी घरात पाळलेली, त्यामुळे रानात सोडता न येणारी. दोघांचंही पोट सतत ढिलं. म्हणून मी नवा आहार ठरवला. चिकन, कलेजी, अंडं. तो किती पचतो हे बघायला जोडी कडुनिंबाजवळच्या वेगळ्या पिंजऱ्यात हलवली आणि डायजेस्टिबिलिटी ट्रायल लावली. नाव भारदस्त आहे, काम वजाबाकीचं. किती खाल्लं ते मोजायचं. जेवढी विष्ठा आली ती सगळी गोळा करायची, वाळवायची, मोजायची. आत गेलं आणि बाहेर आलं नाही, ते पचलं.

मांस चांगलं पचतं. विष्ठा थोडीच यायला हवी. आमच्या खोकडांनी भांड्यात निम्मं चिकन ठेवलं, विष्ठा दुप्पट केली, तीही घट्ट, आणि वर वजन वाढवलं.

आमच्या केंद्रप्रमुख मॅडमनी तक्ता दोनदा वाचला.

"म्हणजे ही हवा खाऊन जाड होतायत?"

"नाही मॅडम. बाहेरचं कोणीतरी घालतंय."

"कोण?"

मी विष्ठा पाण्यात कालवून चाळली. चाळणीत ज्वारीचा कोंडा निघाला. शेंगदाण्याची लालसर सालं निघाली. मिरचीचा चुराही होता. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी. आता सोलापुरात हा पुरावा म्हणजे काहीच नाही. अर्ध्या जिल्ह्याच्या डब्यात तेच असतं. माझ्याही होतं. पण माझं डोकं त्या दिशेला गेलंच नाही. ते सरळ बिरूमामांकडे गेलं.

बिरूमामा आमचे कीपर. मेंढरांमागे वाढलेला माणूस. पिंजऱ्याची किल्ली त्यांच्याकडे, आणि खोकडांशी ते तासन्तास बोलतात. एवढ्यावर मी गुन्हेगार ठरवला. विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, चिकन पडून ऱ्हाणारच की. त्येंचं प्वाट आधीच भरल्यालं असतंय."

मला वाटलं, हा कबुलीजबाबच. कशानं भरलेलं असतं, हे विचारण्याइतका धीर मला नव्हता. मी मुख्य कार्यालयाला टिपण पाठवलं: कीपर परवानगीशिवाय खाद्य देतात, ट्रायल वाया जाते आहे. त्यांचं वर्षाचं कंत्राट सोमवारी वाढायचं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी पाठवलं. अकरा वर्षं ते माझ्याबरोबर काम करत होते.

मुख्य कार्यालयातून उत्तर आलं: पुरावा द्या, मग कंत्राट थांबवू. येमूलनी गुरुवारी कडुनिंबाच्या फांदीवर कॅमेरा बांधला. शुक्रवारी दुपारी चार वाजता मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आम्ही रेकॉर्डिंग लावलं. बिरूमामांनाही बोलावलं होतं. ते टोपी हातात घेऊन दारापाशी उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

सकाळचं काहीच नव्हतं. मामांनी भांडी ठेवली, पाणी बदललं, गेले. येमूलनी रेकॉर्डिंग पुढे पळवलं. एक वाजला.

कडुनिंबाखाली पिंजऱ्याला लागून एक बाक आहे. तिथं आम्ही सगळे डबा खातो. सावली आहे. पडद्यावर मी आलो, बसलो, डबा उघडला. भाकरी मोडली, चटणीत बुडवली आणि पहिला घास मागं न बघता खांद्यावरून टाकला.



आमच्याकडे शेतात जेवायला बसलं की पहिला घास रानाला टाकतात. मुंगीला, पाखराला, जे असेल त्याला. माझे वडील टाकायचे. मीही टाकतो, श्वास घेतो तसा. तो कुठं पडतो हे मी आजवर वळून पाहिलं नव्हतं. माझ्या मागं जाळी होती. जाळीमागं नर दोन पायांवर उभा होता. जाळीत अडकलेला तुकडा त्यानं आतून ओढून घेतला आणि पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला. कारण आता बाकावर केंद्राचा ड्रायव्हर बसत होता.

ड्रायव्हरनं टाकला. माळ्यानं टाकला. येमूलनी दोन टाकले.

"दोन का हो?" मॅडमनी विचारलं.

"मादी मागं राहते ना, मॅडम," येमूल म्हणाले आणि जीभ चावली.

मग पडद्यावर निळ्या साडीतल्या एक बाई आल्या. त्यांनी अर्धी पोळीच जाळीतून आत सारली.

"ह्या कोण?" मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या.

"आपणच, मॅडम," येमूल म्हणाले.

मॅडम आधी लाल झाल्या, मग जे हसत सुटल्या ते टेबलावर डोकं टेकेपर्यंत. येमूल भिंतीला धरून खाली बसले. मलाही हसू आवरेना. हसता हसता मी बिरूमामांकडे बघितलं. टोपी अजून त्यांच्या हातातच होती.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. रोज बघतोय."

"मग सांगायचं नाही?"

"घास टाकणाऱ्याला नगं टाकू म्हणायचं? कसं म्हणायचं, साहेब?" ते म्हणाले. "म्या माजा घास गेटाभाईर कुत्र्याला टाकतो. हितं न्हाय. ह्येंचं मोजायचं चाललंय, ते ठावं हाय मला."

सगळ्या केंद्रात ट्रायलचा नियम पाळणारा माणूस एकच होता, आणि मी त्याचंच नाव लिहून पाठवलं होतं. तिथंच बसून मी दुसरं टिपण लिहिलं. बाहेरचं खाद्य देणारे: पहिलं नाव माझं. मॅडम म्हणाल्या, "माझं दुसरं लिहा." येमूलनी स्वतःचं लिहून पुढे 'दोन घास' असंही लिहिलं. टिपण त्याच संध्याकाळी गेलं. सोमवारी कंत्राट वाढलं.

ट्रायल पुन्हा केली. गंमत अशी की भाकरी बंद झाल्यावर दोघांची पोटं पुन्हा ढिली पडली. खोकड रानात उंदीर-किड्यांबरोबर बोरंही खातं. त्याला थोडा चोथा लागतो, आणि माझ्या आहारात तो नव्हताच. आता त्यांच्या तक्त्यात भाकरी आहे, मिठाशिवाय, चटणीशिवाय, मोजून. ट्रायलच्या दिवसांत डबे कुठं खायचे हे बिरूमामा ठरवतात. आम्हाला स्टोअररूममध्ये बसवतात आणि दार बाहेरून लोटून घेतात.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मला ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. एक मात्र शिकलो. संशयिताचं नाव लिहिण्याआधी मी आता कागद दिवसभर ड्रॉवरमध्ये ठेवतो, आणि तेवढ्या वेळात मी स्वतः काय काय केलं ते आठवून बघतो. बहुतेक कागद मग पाठवावे लागत नाहीत.