खालून वर सहा चौकटी

पिंपरीच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातली शेवटची पायरी. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढायचं आणि आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईनं गिरवायचं. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं. स्वतःच्या डोक्यानं एक रेघ मारायची सोय नव्हती. त्यामुळे सेफ्टी ऑफिसर साहेबांनी एके दिवशी विचारलं, "बाई, तुम्हाला माणसांची चित्रं काढता येतात का?" तेव्हा मी पुढचं न ऐकताच हो म्हणून मोकळी झाले.

दुष्काळानंतरची ती वर्षं. मराठवाड्यातून आलेले पुष्कळ लोक कंपनीत लागत होते. कालपर्यंत हातात नांगर आणि आज समोर पत्र्याला आकार देणारं, घराएवढ्या उंचीचं प्रेस मशीन. आठ मशीनना शिकवायला सेटर, म्हणजे साचे बसवून देणारा, एकच. भिंतीवरच्या लेखी सूचना कोण वाचणार? म्हणून साहेबांच्या मनात आलं, की साच्यात पत्रा अडकला तर काय करायचं ते चित्रांतून सांगावं, मुलांच्या चित्रगोष्टीत असतात तशा चौकटी पाडून. मशीनचा खांब अरुंद, तेव्हा चौकटी एकाखाली एक.

मी जीव ओतून काढलं. पॅडलवरून पाय बाजूला. खटका खाली, म्हणजे मशीन बंद. वरचा दाब पडू नये म्हणून मध्ये लोखंडी ठोकळा. मग हात घालून अडकलेला पत्रा बाहेर. मग ठोकळा बाहेर. मग खटका वर, मशीन चालू. सहा चौकटी, सहा आकडे. चेकरनं तपासलं, चीफ ड्राफ्ट्समननं सही केली, साहेबांनी सही केली. प्रिंट निघाल्या आणि आठही खांबांना चिकटल्या. मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर होते, खोटं कशाला बोलू.

पिंपळे गुरवला आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत बीडकडचं एक जोडपं राहायचं. नवरा नुकताच आमच्याच प्रेस शॉपला लागला होता. ती आणि मी सकाळी एकाच नळावर पाणी भरायचो. त्या दिवशी सात वाजून गेले होते, तो पहिल्या शिफ्टला गेला होता, आणि ती बादली लावून मला म्हणाली,

"ताई, तुमच्या चित्राची पोथी झालीय आमच्या घरात. जेवताना बी तेच पाठ करत्यात. मलाबी येतंय आता. दावू का?"

मी हसले. म्हटलं, दाखव.

तिनं धुण्याच्या दगडाला मशीन केलं. पदर खोचला आणि हवेतला खटका वर ढकलला. "हे चालू केलं." दोन्ही हातांनी जड काहीतरी उचलून बाजूला ठेवलं. "ठोकळा काढला." मग वाकून दगडावर हात आत सरकवला. "आता आत हात घालून पत्रा वढायचा. मग ठोकळा ठिवायचा, मग बंद, मग पाय बाजूला. हाय का न्हाई बरोबर?"

मला वाटलं थट्टा करतेय. "अगं, उलटं सांगतेयस सगळं."

"उलटं कसं? वरनं खाली. ह्यांनी बोट ठिवून ठिवून पाठ केलंय." मग म्हणाली, "मलाबी नवल वाटलं हो, चालू मशिनीत हात? पर हे म्हनले, शिकल्याल्या मानसांनी काढलंय, साहेबांच्या सह्या हायती. आपल्याला काय कळतंय त्यातलं."

"आणि आकडे?"

"ते विंग्रजी हायती, ताई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या नकाशांत उजव्या कोपऱ्यात सुट्या भागांची यादी असते, आणि ती खालून वर भरतात, कारण मागाहून एखादा भाग वाढला तर वर जागा राहते. सहा वर्षं मी रोज तशा याद्या गिरवत होते. एकाखाली एक चौकटी म्हटल्यावर माझ्या हातानं एक आकडा सगळ्यात खाली घातला, दोन त्याच्यावर, सहा सगळ्यात वर. चेकर खालून वर वाचणारा, चीफ खालून वर वाचणारा, साहेबही मूळचे ड्रॉइंग ऑफिसातलेच. एकालाही काही खटकलं नाही. आणि मी कोण? ट्रेसरच्या कोर्सला असताना ट्रेसिंग पेपरच्या कपट्यांचं बाड बांधून त्यावर घागर उचलणारी बाई काढणारी. भराभर पानं सोडली की ती घागर उचलायची, मागून सोडली की खाली ठेवायची. चित्रं तीच, क्रम फिरला की गोष्ट फिरते, हे मी मैत्रिणींना हसत हसत शिकवलं होतं. आता त्याच अकलेनं एका माणसाचा हात चालू मशीनमध्ये नेऊन ठेवला होता.

"आजवर पत्रा अडकला का गं त्यांचा?"

"न्हाई अजून. पर आज नवा साचा चढणार हाय म्हनं. अडकनारच, असं सेटर म्हनलाय."

कंपनीची बस यायला अर्धा तास होता. मी घरमालकांची सायकल ओढली, साडी गुडघ्याशी खोचली आणि निघाले. ती मागून काहीतरी विचारत होती. तिला काय सांगणार? कासारवाडीचं रेल्वे फाटक बंद. मालगाडी अशी संथ, की डबे मोजत बसावं. समोर मला सारखी तीच चौकट दिसत होती, चौथी, जिच्यात हात होता. तो हात मी फार सुरेख काढला होता, नखांसकट. मी स्वतःला मोठ्यानं शिव्या दिल्या. शेजारचा दूधवाला चमकून बघायला लागला.

प्रेस शॉपच्या दारात वॉचमन आडवा आला. "बाई, लेडीजना आत परवानगी न्हाई."

"साहेबांना जाऊन सांगा," म्हटलं आणि त्याच्या काखेखालून आत शिरले.

त्या आवाजात हाक मारण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या खांबाजवळ तो होता. ठोकळा काढून जमिनीवर ठेवलेला. मशीन चालू. डावा हात माझ्या चित्रावर, वरून तिसऱ्या चौकटीवर, आणि उजवा हात साच्याकडे निघालेला. एका चांगल्या विद्यार्थ्यासारखा तो चित्राप्रमाणे वागत होता. त्या खटक्याला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता, पण तो कुठं आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी धावले आणि खटका खाली ओढला.

मोटर थांबली. मला वाटलं, सुटलो.

आवाज का बदलला म्हणून तो वळला. वळताना उजवा हात मागे आला आणि अंगाचा भार गेला पायावर. पाय पॅडलवर होता. बंद मशीनचा दाब धाडकन खाली आला आणि अडकलेला पत्रा चपटा झाला. त्याची बोटं साच्याच्या कडेपासून वीतभर लांब होती. खटका बंद झाला तरी वरचं मोठं चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर पॅडल दाबलं की दाब पडतो. हे शॉपमधल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत होतं. मला नव्हतं. माझ्या दोन आणि तीन नंबरच्या चौकटींच्या मधे नुसती पांढरी पट्टी होती.

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, अगदी शांतपणे, चूक दाखवतोय असंही नाही,

"ताई, बंद केल्यावर बी दाब पडतोय. हे तुमच्या चित्रात न्हवतं."

जेवणाच्या सुट्टीआधी आठही खांबांवरचे कागद मी स्वतः फाडले. दुपारी त्याच्याकडून लेखी खुलासा मागायची भाषा सुरू झाली, सूचना डावलली म्हणून. मी म्हटलं, त्यानं सूचना डावलली नाही, तंतोतंत पाळली, खुलासा माझा घ्या. चेकरनं कागद पुन्हा बघितला, खालून वर, आणि म्हणाला, "आकडे तर बरोबर आहेत की." त्या माणसाच्या टेबलावर शाईची दौत उपडी करावीशी वाटली मला. पण त्यात माझाही वाटा होताच.

नव्या कागदावर वरून खाली मराठी आकडे घातले आणि चौकटी सात झाल्या. खटका बंद केल्यानंतरची चौकट नवी होती. तिच्यात माणूस दोन्ही हात पाठीमागे बांधून, पाय लांब ठेवून उभा आहे आणि वर चाकाकडे बघतोय. काम काहीच नाही. साहेब म्हणाले, ह्यात तर काही घडतच नाहीये. मी म्हटलं, तेच काढलंय.

सह्यांना पाठवायच्या आधी तो कागद मी नळावर नेला. तिला म्हटलं, काही सांगणार नाही, तू करून दाखव. तिनं बादली लावली, कागद नीट बघितला आणि दगडापुढे उभी राहिली. पाय मागे घेतला. खटका खाली ओढला. मग हात पाठीमागे बांधले आणि वर बघत उभी राहिली. एवढ्या दिवसांत हाताचं काय होता होता राहिलं, हे त्यानं तिला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. विचारायचा धीर मला झाला नाही.

"किती येळ, ताई?" तिनं वर बघतच विचारलं.

"चाक थांबेपर्यंत."

बादली भरली, पाणी वाहायला लागलं. मागच्या बायका ओरडल्या. ती हलली नाही. मी पुढे होऊन नळ बंद केला, आणि तरी ती तशीच उभी राहिली, हात पाठीमागे घट्ट धरून.